चवळीखाऊ कॉम्रेड

बुरामा त्रावरे फाराकोरो गावचा पक्ष-सेक्रेटरी झाला तो त्याच्या आवाजामुळे. स्वातंत्र्याच्या आधी तो एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या वखारीत भुईमुगाची पोती तोलायचा आणि वजन ओरडून सांगायचा. ते ओरडणं नदीपलीकडच्या शेतात ऐकू जायचं. स्वातंत्र्य आलं, गोरा गेला, जाताना तराजू घेऊन गेला. आवाज तेवढा मागे राहिला. पक्षाला भाषणं वाचायला माणूस हवाच होता. राजधानीहून ध्वनिक्षेपक येणार होता, तो अजून येतोच आहे.

पक्ष एकच होता. दुसरा असता तर लोकांचा गोंधळ उडाला असता, असं पक्षाचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला दुसरा पक्ष नव्हता. निवडणुका मात्र अगदी थाटात व्हायच्या, ढोल लावून. मतपत्रिका एकाच रंगाची. गेल्या खेपेला एका म्हाताऱ्यानं ती पेटीत न टाकता तिच्यात तंबाखू बांधून घेतली, तर पक्षानं मोठ्या मनानं त्याचंही मत धरलं. म्हाताऱ्याला दोन दिवसांनी कळलं की आपण कुणाला तरी निवडून दिलंय, आणि त्यालाही आनंद झाला.

तसा बुरामा वाईट माणूस नव्हता. आमच्याकडे हल्ली कुणाबद्दल असं म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, "मग केलं काय त्यानं?" तर तेच सांगायचं आहे.

त्याच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, झुमाना कोने राहायचा. सावरीचा कापूस पिंजून गाद्या भरायचा त्याचा धंदा. दाढीत, भुवयांत, कानांत कायम कापूस, त्यामुळे तो तरुणपणापासून म्हातारा दिसायचा आणि म्हातारपणी तसाच राहिला. त्रावरे आणि कोने ही चेष्टेच्या नात्यातली कुळं. हे नातं कुणी लावलं हे कुणालाच ठाऊक नाही, पण शेंबड्या पोरालाही त्याचे नियम पाठ असतात. त्रावरेनं कोनेला वाट्टेल ते बोलावं, कोनेनं त्रावरेला बोलावं, भर बाजारात, सासऱ्यासमोर, मशिदीच्या पायरीवरसुद्धा. आणि रागावायचं कुणी नाही. जो रागावला तो चुकला. दोघांच्याही मते समोरचा आपला पिढीजात गुलाम, अट्टल चोर आणि मुख्य म्हणजे चवळीखाऊ. चवळी सगळेच खातात, पण खाल्ल्यानंतर पोटात जे वादळ उठतं ते फक्त समोरच्या कुळाच्या पोटात उठतं, अशी दोन्हीकडची श्रद्धा. पूर्वी राजे होते तेव्हा राजालाही त्याच्या जोडीच्या कुळातल्या भिकाऱ्याकडून हे निमूट ऐकून घ्यावं लागे. मानवी हक्क हा शब्द आमच्याकडे फार नंतर आला, तोही विमानानं. तोवर आमचं या एवढ्याशा हक्कावर बरं चाललं होतं.

सकाळ झाली की झुमाना दारात उभा राहून सुरू करायचा.

"ए चवळीखाऊ, उठलास का? की मालकानंच येऊन उठवायचं?"

"कुठला मालक? माझ्या आज्यानं तुझ्या आज्याला दोन कोंबड्या देऊन विकत घेतलं, आणि कोंबड्याच ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं म्हणून मरेपर्यंत रडला."

"म्हणजे कोंबडीचोर तो! कोंबड्या आमच्याच होत्या."

उखळात धान्य कांडता कांडता झुमानाची बायको मासारान मध्ये बोलायची, "सेक्रेटरी, चहा ठेवलाय. पण बाहेर ओट्यावरच बस बाबा. काल तू घरात बसून गेलास, अजून बकरी आत जायला तयार नाही." मग तिघं तीन उकळ्यांचा तो कडू हिरवा चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. बुरामाला दिवसभरात सगळे 'कॉम्रेड सेक्रेटरी' म्हणायचे आणि त्याच्यासमोर जपून बोलायचे. या एका ओट्यावर त्याला माणसासारखं वाटायचं, हे त्यानं बायकोजवळ एकदा कबूलही केलं होतं.

स्वातंत्र्याच्या तिसऱ्या वर्षी राजधानीत ठराव झाला की चेष्टेचं नातं हा सरंजामी काळाचा अवशेष आहे, सर्व नागरिक समान आहेत, कुणी कुणाला गुलाम म्हणू नये. ठराव फाराकोरोत वाचून दाखवला तो अर्थात बुरामानंच. वाचून झाल्यावर झुमाना म्हणाला, "बघा, माझा गुलाम वाचायलासुद्धा शिकला." सगळे हसले, बुरामा सगळ्यांत जास्त हसला. त्या दिवशी राजधानीचं कुणी हजर नव्हतं, त्यामुळे ठरावाचं काही बिघडलं नाही.

मग परदेशातून शिष्टमंडळ यायचं ठरलं. आमच्याकडे मानवी हक्कांची परिस्थिती कशी आहे ते पाहायला.

गावामागच्या टेकडीआड जुनी लष्करी बराक होती. तिला 'नागरिक शिक्षण छावणी' म्हणत. तिथे शिकायला गेलेला माणूस सहसा परत येत नसे. शिक्षण फार खोल असावं. शिष्टमंडळ ती पाहणार म्हटल्यावर पक्षाच्या ध्यानात आलं की विद्यार्थी जमिनीवर झोपतात. झुमानाला हुकूम सुटला. गावातला सगळा सावरीचा कापूस त्याच्या अंगणात येऊन पडला, आणि त्यानं छावणीसाठी गाद्या भरल्या, अशा गुबगुबीत की आमच्या गावात नवरीलाही तशी मिळाली नसेल. गाद्यांवर झोपायला तसेच गुबगुबीत कैदीही हवे होते. खरे कैदी त्या कामाला अगदीच निरुपयोगी निघाले, म्हणून त्यांना ट्रकमधून कुठेतरी नेलं आणि त्यांच्या जागी पक्षाची भरल्या अंगाची माणसं बसवली. बुरामाला खिडकीजवळची गादी मिळाली.

शिष्टमंडळात दोन पुरुष आणि एक बाई. बाईनं गादी हातानं दाबून पाहिली. दुभाष्यामार्फत तिनं बुरामाला विचारलं, "जेवण पुरेसं मिळतं?"

बुरामानं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, खोटं कसं बोलू?"

अहवालात छावणीची तारीफ आली. गाद्यांचा तर खास उल्लेख. पाहुण्यांची मोटार टेकडीपलीकडे गेली, आणि गाद्याही निघाल्या. ज्यानं त्यानं आपापली उचलली. बुरामानंही त्याची घरी आणली. बायकोची कंबर धरायची, असं त्याचं कारण होतं, आणि ते खरंही होतं.

अहवाल साजरा करायला सभा भरली. राजधानीहून पक्षाचा वरिष्ठ अधिकारी, कमिसार फोदे सुमा आला. हा सडपातळ, चष्मेवाला, कधीही घाम न येणारा माणूस. चेष्टेच्या नात्यातलं कुळ त्यालाही होतंच, ते आमच्याकडे प्रत्येकाला असतं. पण त्यानं ते गावाकडेच ठेवलं होतं. बुरामा पिंपळाएवढ्या मोठ्या कैलसेद्राच्या झाडाखाली उभा राहून वाचू लागला: "आपल्या देशात आज एकही नागरिक अन्यायानं कोठडीत नाही, आणि जो शिक्षण घेत आहे तो गादीवर झोपतो..."

मागून झुमानाचा आवाज आला, "खरंय ते! हा चवळीखाऊ स्वतः झोपत होता तिथे. पण बाबांनो, गादी घेऊन घरी पळालेला कैदी तुम्ही कुठे पाहिलाय का? जगात एकच. आणि माझी गादी, इतक्या मायेनं भरलेली, रोज रात्री याच्या चवळीचा धूर सोसतेय."

सभेत हशा फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. बुरामाच्या तोंडून नेहमीच्या सवयीनं उत्तर निघून गेलं, "तू कापसाच्या नावाखाली तुझ्या आजीची दाढी भरलीस, ती टोचते म्हणून धूर करतो!" आणि तोही खो खो हसला. मग त्याला दिसलं की फोदे सुमा हसत नाहीये. तो चष्मा पुसत होता. हळूहळू पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या.

सभेनंतर पक्षाच्या खोलीत सुमानं दार लावून घेतलं.

"कॉम्रेड त्रावरे, तो माणूस बोलला ते खरं आहे?"

"चेष्टा होती ती, कॉम्रेड. तो कोने आहे, मी त्रावरे. आमच्यात..."

"ते नातं रद्द झालंय. ठराव तुम्हीच वाचलात ना? उत्तम वाचलात असं कळलं. तेव्हा आता दोनच गोष्टी उरतात. तो खरं बोलला असेल, तर गादी तुमच्या घरात आहे. खोटं बोलला असेल, तर त्यानं भर सभेत पक्षाची बदनामी केली. गादी तुमच्या घरात आहे का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बुरामानं आयुष्यभर इतरांची वजनं सांगितली होती. आता एक वाक्य बोलायचं होतं: हो, आहे. फार तर त्याचं सेक्रेटरीपद गेलं असतं, फार तर तोही टेकडीआड गेला असता, आणि तिथली जागा त्याच्या ओळखीची होती. पण नदीपलीकडे ऐकू जाणारा तो आवाज त्या वेळी ओठांपर्यंतही आला नाही.

"पक्ष योग्य तेच ठरवील, कॉम्रेड," तो म्हणाला.

सुमानं मान डोलावली. "ठरलंच आहे," तो म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

सकाळी ट्रक आला. झुमाना दात घासत होता. शिपाई अंगणात शिरलेले पाहून त्याला वाटलं, हा बुरामाचाच डाव. कालच्या बोलण्याचा वचपा. त्याला इतका आनंद झाला की तोंडातली काडी हातात घेऊन तो रस्त्यापलीकडे ओरडला, "शाब्बास रे गुलामा! अखेर मालकाला न्यायला गाडी पाठवलीस! उशी टाकलीस ना आत?" तो आपणहून ट्रकमध्ये चढला. फळी लावली तरी तो वरून बोलतच होता, बुरामाच्या आजीबद्दल, कोंबड्यांबद्दल. बुरामा दाराच्या फटीतून पाहत होता. नियमाप्रमाणे त्यानं उत्तर द्यायला हवं होतं. ट्रक वळेपर्यंत झुमाना उत्तराची वाट पाहत त्या दाराकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मासारान येऊ लागली. ती रडत आली असती तर बुरामानं तिला समजावून वाटेला लावलं असतं. रडणाऱ्या बायकांना काय सांगायचं याचं पक्षानं छापील पत्रक दिलं होतं. पण मासारान हक्कानं आली. आमच्याकडे चेष्टेच्या नात्यातल्या माणसानं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. भावाला नाही म्हणता येतं, यांना नाही. ती अंगणात फतकल मारून बसायची.

"ए चवळीखाऊ, माझा नवरा कुठे ठेवलास? खाल्लास की काय उसळीत घालून?"

"येईल गं. शिकतोय."

"काय शिकतोय? या वयात?"

"नागरिक व्हायला."

"मग आतापर्यंत काय बकरी होता? हे बघ, चोरा, तुझ्या मालकिणीचा हुकूम आहे. जा आणि घेऊन ये त्याला. नुसता भात वाया जातोय रोज. दोघांच्या मापावर हात बसलाय, एकटीचा घालताच येत नाही मला."

बुरामा हसायचा. हसणं भाग होतं. ती गेली की त्याला जेवण जात नसे. तुमचा-आमचा माणूस चोरी करतो तेव्हा निदान रात्री नीट झोपतो. याला गादी असून झोप नव्हती, आणि त्याबद्दल मला त्याची फारशी दया येत नाही.

शेवटी एकदा तो टेकडी चढून छावणीच्या फाटकाशी गेला. टेबलामागचा अधिकारी अगदी अदबशीर होता.

"झुमाना कोने? असा कुणी नाही इथे."

"पण ट्रक मी माझ्या डोळ्यांनी..."

"कॉम्रेड, आपल्या देशात कैदी नाहीत. परदेशी लोकांनी तसं लिहून दिलंय. तुम्हीच तर सांगितलंत त्यांना, त्या खिडकीत बसून." त्यानं खिडकी दाखवली. तिला आतून पत्रा ठोकलेला होता.

बुरामा परत आला. मासारानला म्हणाला, "चौकशी चालू आहे." ती म्हणाली, "गुलामाला एक काम सांगितलं तर त्याची ही तऱ्हा," आणि जाताना त्याच्या बायकोसाठी आणलेली भेंडी ओट्यावर ठेवून गेली.

पावसाळा आला, गेला. भुईमूग निघाला. उत्तरेची कोरडी धूळ सुरू झाली तेव्हा एका दुपारी एक अनोळखी तरुण बुरामाच्या दारात उभा राहिला. अंगावर साधे कपडे, पण पायात सरकारी बूट. "मी सोरी त्रावरे," तो म्हणाला. एकाच कुळातला, म्हणून बुरामानं त्याला जेवायला बसवलं. तरुणानं भाताला हात लावला नाही.

"काका, मी वर छावणीत पहाऱ्यावर होतो. त्या शेवटच्या खोल्यांवर. तिथे आत टाकतात आणि दार उघडत नाहीत. जेवण नाही, पाणी नाही. तसा हुकूमच असतो."

बुरामानं भाताचं ताट पुन्हा त्याच्याकडे सरकवलं.

"एक म्हातारा होता. दाराआडून त्यानं विचारलं, पोरा, तुझं कूळ काय? मी म्हटलं, त्रावरे. तर तो हसायलाच लागला. म्हणाला, म्हणजे मरताना पण चवळीखाऊच नशिबात आलाय. मग दिवसभर चालूच. माझ्या आजीवर, बुटांवर, चालण्यावर. मला हसू आवरेना, काका. मी फटीतून थोडं पाणी ओतलं. ते कुणीतरी पाहिलं, आणि मला तिथून हलवलं. परत गेलो तेव्हा खोली धुतलेली होती. मी विचारलं, कुठे पुरलं? तर म्हणाले, कुणाला?"

"मला का सांगतोयस हे?"

"मग कुणाला सांगू? कोने मेलाय. जायला तर त्रावरेच हवा ना? मी जाऊ शकत नाही, काका. ओळखतील मला."

पोरगा गेला. बुरामा ताटाजवळ तसाच बसून राहिला. मासारानला सरळ जाऊन सांगायचं म्हटलं तर सरकार माणसं मारतं असं सांगणं झालं. त्याला शिक्षा होती. आमच्या गावात एका बाईनं असाच अंदाजानं दुखवटा धरला होता, तर पक्षाच्या महिला शाखेनं येऊन तिचे विधवेचे कपडे उतरवले आणि तिला सभेत नाचायला लावलं. न सांगावं तर ती बाई जन्मभर दोघांचा भात रांधणार. हे सगळं खरं, पण मला वाटतं, बुरामा त्या वेळी सरकारचा विचार करत नव्हता. ट्रकवरून आपल्या दाराकडे बघत राहिलेला तो चेहरा त्याला दिसत होता.

तो उठला, रस्ता ओलांडून मासारानच्या अंगणात गेला. भर दुपार होती. शेजारच्या बायका तिच्याकडे शेंगा फोडायला जमल्या होत्या. त्याला पाहून मासारान म्हणाली, "आला बघा, बिनकामाचा गुलाम," आणि बायका हसल्या.

बुरामानं चटई ओढली, अंगणाच्या मधोमध अंथरली आणि तीवर उताणा झोपला. दोन्ही हात अंगाला लावले, पाय जुळवले, डोळे मिटले. आणि त्या मोठ्या आवाजात, झुमानाच्या हेल काढून बोलण्याची हुबेहूब नक्कल करत म्हणाला, "मी झुमाना कोने. लबाड पिंजारी. मला कुठे नेताय? मी नाही जाणार. आधी चवळी आणा, घमेलंभर आणा. न खाता कोने जागचा हलत नसतो."

एकदोन तरुण पोरी हसल्या. म्हाताऱ्यांचे हात शेंगांवर थांबले. आमच्याकडे हे सोंग एकाच वेळी करतात. कोने मेला की घरचे रडतात आणि त्रावरे येऊन मयताच्या जागी आडवा होतो, त्याचं नाव घेऊन त्याची टिंगल करतो, त्याला पुरू देत नाही. मग घरच्या बाईनं त्याला सणसणीत शिवी घालून उठवायचं, म्हणजे मेलेला सुखानं जातो. जिवंत माणसाचं सोंग असं कुणी करत नाही. वेडासुद्धा नाही.

बुरामा बोलतच राहिला. कापसाबद्दल, कोंबड्यांबद्दल. आवाज मध्येच फाटला, तरी थांबला नाही. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. भिंतीपलीकडे रस्त्यावर माणसं जमली. आता हे राजधानीपर्यंत जाणार, हे त्यांना कळत होतं आणि त्यालाही. ती शिवी ऐकल्यावाचून त्याला उठता येणार नव्हतं, आणि त्या क्षणी जगात त्याला दुसरं काही नकोही होतं.

मासारान शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठली. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. मग पदरानं हात पुसून तिनं दोन्ही हात जोडले, गावात नवा अंमलदार आला म्हणजे जोडतात तसे.

"कॉम्रेड सेक्रेटरी," ती म्हणाली, "उठावं आपण. जमीन धुळीची आहे. आपले कपडे मळतील."